पुष्पा, छावा आणि आमचा चौथीचा वर्ग

दोस्तांनो, मागच्या आठवड्यात आपण पाढ्यांशी भांडलो होतो, आठवतंय ना? या आठवड्यात पाटी-पुस्तक बाजूला. आज सिनेमाच्या गप्पा.

आधीच सांगून टाकते, मी काही सिनेमातली जाणकार नाही. वर्षाकाठी दोन, फार तर तीन सिनेमे थेटरात जाऊन बघते, तेही नणंदेची मुलं मागे लागली म्हणून. बाकीचे टीव्हीवर, भाजी निवडता निवडता. कुणी कॅमेऱ्याचा कोन वगैरे काढला की मी पाणी प्यायला उठते. पण चौथीला शिकवणाऱ्या बाईला सिनेमा चुकवता येत नाही बरं का! आपण थेटरात नाही गेलो तर तोच सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत येऊन उभा राहतो. एका खांद्यानं वाकडा होऊन!

हो, बरोबर ओळखलंत. पुष्पाच.

‘पुष्पा’चा पहिला भाग डिसेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा करोनामुळे शाळा धड सुरूही नव्हत्या. दुसरा भाग आला ५ डिसेंबर २०२४ ला. आमच्या तालुक्याच्या गावात तो लागला त्या रविवारी आम्ही नऊ जण दोन रिक्षांतून गेलो. सव्वातीन तासांहून मोठा सिनेमा! माझ्या सासूबाई इंटरव्हलला म्हणाल्या, “संपला का?” आणि अजून निम्मा बाकी आहे म्हटल्यावर त्यांनी चपला काढून पाय वर घेतले.

गोष्ट तर भन्नाट. पुष्पाच्या बायकोला मुख्यमंत्र्यांबरोबर फोटो हवा असतो. मुख्यमंत्री नाही म्हणतात. मग पुष्पा काय करतो? दुसरा फोटो काढतो? छे! तो मुख्यमंत्रीच बदलायला निघतो. मूळ सिनेमा तेलुगू. अल्लू अर्जुनच्या तोंडून जे हिंदी आपण ऐकतो तो आवाज आपल्या श्रेयस तळपदेचा. दुसऱ्याच्या ओठांच्या हालचालीत आपली वाक्यं नेमकी बसवायची, वर हसणं, खोकणं, धापा टाकणं हे सगळं त्याच्याच मापाचं करायचं. आरशासमोर उभं राहून दुसऱ्याच्या तोंडाशी आपले शब्द जुळवून बघा एकदा, दोन मिनिटांत जीभ वळेनाशी होते.

आणि ती जत्रा! पुष्पा साडी नेसून, अंगाला निळा रंग लावून, गळ्यात लिंबांची माळ घालून नाचतो. तिरुपतीला गंगम्मा देवीची जत्रा खरोखरच भरते आणि तिथे पुरुष नवसानं साडी नेसतात. मला ते सगळं फार आवडलं. त्याचा एक फायदा आमच्या शाळेलाही झाला. दरवर्षी स्नेहसंमेलनात नाटुकल्यातल्या आजीचं काम करायला एकही मुलगा तयार नसायचा, “बाई, सगळे हसतात.” त्या जानेवारीत तिघांनी हात वर केले! साडी नेसलेला हिरो त्यांनी पाहिला होता आणि त्याला कुणी हसलं नव्हतं. हे श्रेय सिनेमाला द्यायलाच हवं.

आता दुसरी बाजू.

पुष्पा चोरी करतो ती रक्तचंदनाची. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आजीकडे रक्तचंदनाची बाहुली असेल. कुठे मुका मार लागून सूज आली की आजी ती सहाणेवर उगाळते आणि लाल लेप लावते. ते हेच झाड. आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांत ते वाढतं, अगदी सावकाश. म्हणून तर जंगलातलं झाड तोडणं गुन्हा आहे. सिनेमात ही चोरी म्हणजे नुसती धमाल! ट्रक, नदी, पोलिसांना गुंगारा. खऱ्या जंगलात ७ एप्रिल २०१५ ला काय झालं, ते मी सिनेमानंतर शोधून वाचलं. तमिळनाडूतून आलेले २० लाकूडतोडे मजूर पोलिसांच्या गोळीबारात मेले. ते खरोखर चकमकीत मेले की कसे, यावर तेव्हा मोठा वाद झाला. त्यातला कुणीही पुष्पा नव्हता. रोजंदारीवर कुऱ्हाड चालवायला आलेली माणसं होती ती. सिनेमातला पुष्पाही सुरुवातीला असाच मजूर असतो, पण त्याला गोळी लागत नाही, कारण पुढे त्याला तीन भागांचा हिरो व्हायचं असतं.

हे वाचल्यावर मी जरा गप्प झाले. पण खरा फटका मला बसला तो महिन्याभरानं, खिचडीच्या रांगेत.

त्याआधी सिनेमातला एक प्रसंग सांगायला हवा. एका मेजवानीत पुष्पाला एका पोलीस अधिकाऱ्याला ‘सॉरी’ म्हणावं लागतं. तो म्हणतो आणि निघून जातो. सगळं थेटर हिरमुसलं, माझा भाचा तर “काय यार” म्हणून मागे टेकला. आणि थोड्या वेळानं पुष्पा गाडी घेऊन परत येतो! म्हटलेलं सॉरी परत घेतो. कसं घेतो ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नाही. पण थेटरात काय जल्लोष झाला म्हणून सांगू! शिट्ट्या, आरोळ्या, कुणी तरी कागदाचे कपटे उडवले. आणि तुमच्यापासून काय लपवायचं? मीही टाळ्या वाजवल्या. चांगल्या जोरात, हात लाल होईपर्यंत.

जानेवारी २०२५. मधली सुट्टी. आमच्या वर्गातल्या एका मुलानं (नाव सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका) रांगेत घुसताना पुढच्या मुलीला ढकललं. तिच्या हातातली ताटली पडली. गरम खिचडी तिच्या पायावर सांडली. भाजलं नाही फारसं, पण खिचडी गेली आणि तो वाटपातला शेवटचा घास होता. मी म्हटलं, “आधी तिला सॉरी म्हण.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मान वाकडी केली. एक खांदा वर केला. आणि हनुवटीखालून हाताची पालथी बाजू सावकाश फिरवली.

वर्गानं टाळ्या वाजवल्या. कुणी तरी शिट्टीसुद्धा मारली. ती मुलगी रिकामी ताटली घेऊन रडत उभी, आणि पोरं टाळ्या वाजवतायत!

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्या टाळ्यांचा आवाज माझ्या ओळखीचा होता. महिन्यापूर्वी माझ्याच हातांतून तो निघाला होता. डी.एड.ला असताना ‘मुले अनुकरणातून शिकतात’ हे वाक्य आम्ही पाठ करायचो. तेव्हा वाटायचं, अनुकरण मुलं करतात आणि शिक्षक ते दुरून बघतात. आपणही त्याच थेटरात दोन रांगा मागे बसलेले असतो, हे पुस्तकात नव्हतं.

त्याला मी शिक्षा केली नाही. माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या त्या मुलीला दिल्या आणि त्याला शाळा सुटल्यावर थांबायला सांगितलं.

तो थांबला. मला वाटलं होतं, त्याला मारामाऱ्या आवडत असतील. म्हणून विचारलं, “काय रे, पुष्पातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?” तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, त्याला आडनाव लावू देत नाहीत.”

तुम्ही सिनेमा पाहिला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. पुष्पाच्या वडिलांचं दुसरं कुटुंब असतं. सावत्र भाऊ त्याला घराण्याचं नाव लावू देत नाही, त्याच्या आईचा चारचौघांत अपमान करतो. मी दोन्ही भाग पाहिले होते. पण ते माझ्या लेखी मारामाऱ्यांच्या मधे येणारं रडगाणं होतं, तेवढ्यात मी सासूबाईंना पाण्याची बाटली उघडून देत होते. हा मुलगा आजोळी राहतो. आईबरोबर. वडील कुठे असतात ते घरातही कुणी बोलत नाही. शाळेत सतत कसले ना कसले फॉर्म येतात, शिष्यवृत्तीचा, आधारचा, बँकेच्या खात्याचा, आणि प्रत्येकावर दुसऱ्याच रकान्यात तो प्रश्न असतो. मी स्वतः वर्गात मोठ्यानं विचारलेलं आहे, “वडिलांचं पूर्ण नाव सांग रे.” किती वेळा, ते मोजलेलं नाही.

मला जी मवालीगिरी दिसली होती ती त्याच्यासाठी वेगळीच गोष्ट होती. नाव विचारल्यावर मान खाली न घालणारा एक माणूस त्याला सापडला होता. तो आता सिनेमातच सापडला, याला तो काय करणार?

पण म्हणून खिचडी सांडायची का? तर नाही. हेही त्याला सांगितलं. “तुला ज्यांनी त्रास दिला त्यांच्यापुढे झुकू नकोस. पण तिनं तुला काय केलं होतं?” त्यानं उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिला आणि जमिनीकडे बघत एकदाचं “सॉरी” म्हणाला. ती मोठी खमकी. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “चालेल. पण गाडी घेऊन परत यायचं नाही!”

सगळा वर्ग हसला. तोही हसला. मी वळून फळा पुसायला लागले. फळा आधीच पुसलेला होता.

महिन्याभरानं, १४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ आला. लक्ष्मण उतेकरांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. चौथीला आपल्याला शिवछत्रपतींचं पुस्तक असतं, त्यामुळे वर्गात ‘छावा’वर बोलायचं नाही असं चालणारच नव्हतं. मी पाहिला आणि रडले. विकी कौशलनं संभाजीमहाराज उभे केलेत यात शंका नाही, आणि अक्षय खन्नाचा औरंगजेब इतका थोडा बोलतो की भीती वाटते. शेवट झाल्यावर थेटरातली माणसं उठेचनात.

पण माझ्या मागच्या रांगेत एक चार-पाच वर्षांचं पोर होतं. शेवटची वीसेक मिनिटं, महाराजांचे हाल सुरू झाले तशी ते आईच्या पदरात तोंड खुपसून रडत होतं. “घरी चल” म्हणत होतं. बाप सांगत होता, “बघ, बघ, बघायला पाहिजे आपण.” आता या सिनेमाला प्रमाणपत्र होतं ‘यूए १६+’. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर बोर्ड यूए प्रमाणपत्रावर वय लिहायला लागलं, ७, १३ किंवा १६. त्या वयाखालच्या मुलांना प्रवेश बंद असं नव्हे. आईवडिलांनी आधी विचार करावा, एवढाच त्याचा अर्थ. हा विचार करायचं काम त्या दिवशी कुणीच केलेलं दिसलं नाही. थेटरातले निम्मे प्रेक्षक तर सोळाच्या आतले होते. आमच्या वर्गातलेच सात जण मला इंटरव्हलला भेटले. एकानं मला आपल्या पुड्यातले पॉपकॉर्नही दिले!

सोमवारी ते सात जण हाल कसे कसे झाले ते क्रमानं सांगत होते. अगदी पाठ! मी विचारलं, संभाजीमहाराजांनी कोणता ग्रंथ लिहिला? शांतता. ‘बुधभूषण’. संस्कृतात. “त्यांना संस्कृत यायचं?” एकजण चकित. तो म्हणाला, “मग ते सोपं असेल तेव्हा.” त्यांचा मृत्यू ११ मार्च १६८९ चा, भीमेकाठी तुळापूरला. वय ३१. आदल्या महिन्यात ते संगमेश्वरला पकडले गेले. म्हणजे ते हाल थोड्या दिवसांचे, आणि त्याआधी जवळजवळ नऊ वर्षांचा राज्यकारभार. पोरांच्या डोक्यात मात्र शेवटच तेवढा राहिला. सिनेमाचा दोष म्हणू की आमच्या शिकवण्याचा? थोडा थोडा दोघांचा असावा.

जाता जाता एक गंमत. सिनेमा यायच्या आधी त्यातल्या लेझीम नृत्यावर वाद झाला. महाराजांना असं नाचताना दाखवू नये असं बऱ्याच जणांना वाटलं, आणि उतेकरांनी तो भाग काढून टाकला. आमचं लेझीम पथक तेव्हा २६ जानेवारीच्या तयारीत घाम गाळत होतं. पथकाची म्होरकी मला विचारायला आली, “बाई, लेझीम वाईट असतं का?” मी म्हटलं, “नाही गं, तू आपली खेळ.” एवढंच सुचलं.

आता मला मनापासून आवडलेल्या सिनेमाकडे येते. ‘बारहवी फेल’. ऑक्टोबर २०२३ चा, विधू विनोद चोप्रांचा. मनोज कुमार शर्मा हे पुढे आपल्या महाराष्ट्रात पोलीस अधिकारी झाले, त्यांची ही गोष्ट. चंबळच्या बाजूचं गाव. बारावीच्या परीक्षेत शाळाच मुलांना कॉपी पुरवते. एक नवा पोलीस अधिकारी येऊन ती बंद पाडतो आणि सगळे नापास! त्या अधिकाऱ्यासारखं व्हायचं म्हणून मनोज पुढच्या वर्षी कॉपी न करता बसतो आणि थर्ड क्लासमध्ये पास होतो. थर्ड क्लास! थेटरात कुणी शिट्टी वाजवली नाही. मी मात्र खुर्चीत अंग चोरून बसले होते. कॉपी पुरवणारे माझेच जातभाई ना, शिक्षक!

तरी त्यातही एक खुपलं. पिठाच्या गिरणीत राबून, रात्री जागून मनोज साहेब होतो आणि आपण खूश होऊन घरी जातो. पण त्याच्याबरोबर दिल्लीत अभ्यास करणाऱ्या, आपल्याकडे पुण्याच्या पेठांतून खोली घेऊन राहणाऱ्या हजारो दादा-तायांचं काय? त्यांचीही मेहनत खरीच असते. म्हणून मला त्यातला गौरीभैया जास्त लक्षात राहिला. त्याची शेवटची संधीही हुकते. तो चहाची टपरी टाकतो आणि दुसऱ्यांना अभ्यासात मदत करतो. त्याच्यावर कुणी अख्खा सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी जाईन, नणंदेच्या मुलांनी नाही म्हटलं तरी.

‘बारहवी फेल’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २३ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत तो समारंभ झाला, आणि त्यातच आपल्या ‘नाळ २’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार होता. त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप हे त्यातले तिघे बालकलाकार राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घ्यायला गेले. साडी नेसलेली चिमुकली त्रिशा सगळ्यांनी मोबाइलवर बघितली असेल. आमचा वर्ग म्हणाला, “बाई, ही तर आमच्याहून लहान आहे! कुठे लागलाय हा सिनेमा?” कुठेच नाही. तो नोव्हेंबर २०२३ मध्येच येऊन गेला होता. आमच्या तालुक्याच्या थेटरात तेव्हा पोरांनी काय बघितलं ते मला आठवत नाही, पण ‘नाळ २’ नव्हता एवढं नक्की. सोळा वर्षांवरच्यांचा सिनेमा पोरांना सहज मिळतो आणि पोरांचा सिनेमा मिळत नाही, याचा मला राग येतो.

मी २०१८ चा पहिला ‘नाळ’ पाहिलाय. विदर्भातलं नदीकाठचं गाव, तिथला आठ वर्षांचा चैत्या. आपली आई ही आपली जन्मदाती आई नाही, हे त्याला एक दिवस कळतं. तो कुणाला मारत नाही, कसलाही डायलॉग मारत नाही. फक्त आईकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागतो. दुसऱ्या भागात तो आपल्या जन्मदात्या आईच्या गावी जातो.

मी कुणाचा, हाच प्रश्न चैत्याचा आणि हाच पुष्पाचा. आणि त्या मुलाचाही. तो आता माझ्या वर्गात नाही, पण शाळेतच आहे. परवा पाण्याच्या टाकीपाशी भेटला. उंच झालाय. खांदा सरळ असतो आता.

माझ्याकडे ‘नाळ’ घरी बघण्याची सोय आहे. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला आणि त्याच्या आईला बोलवावं, असं मनात येतं. पोह्याचा बेतही ठरवून झाला. मग वाटतं, पुष्पा त्याला उभं तरी करतो. चैत्याच्या गोष्टीत तर तोंड लपवायला कुठेच जागा नाही. तो गप्प झाला तर? आई उठून गेली तर?

अजून बोलावलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी ‘नाळ’ पाहिला असेल, आणि विशेषतः कुणाला फॉर्मवरच्या त्या दुसऱ्या रकान्याचा राग येत असेल, तर मला दोन ओळी लिहा. नाव घातलं नाही तरी चालेल. दाखवू का त्याला?

तुमची,
बाई